कुंभकोणम परिसरातील नृत्यपरंपरा : कलावंतांची ओळख आणि नृत्यरचना

१. प्रश्नाचे स्वरूप

नृत्यरचनेचा इतिहास लिहिताना दोन पद्धती सामान्यतः अवलंबिल्या जातात. पहिल्या पद्धतीत शास्त्रग्रंथांना प्रमाण मानून नृत्याची अंगे, करणे, हस्त आणि ताल यांचे विवेचन केले जाते. दुसऱ्या पद्धतीत आश्रयदात्या राजांची नामावळी दिली जाते आणि त्यांच्या कारकिर्दींनुसार नृत्याचे कालखंड पाडले जातात. या दोन्ही पद्धतींत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. एखादी विशिष्ट रचना विशिष्ट क्रमाने, विशिष्ट भाषेत आणि विशिष्ट भाव पुढे ठेवून बांधली गेली, ती कोणी बांधली आणि तो बांधणारा समाजात कोणत्या जागी उभा होता, हा तो प्रश्न होय.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम आणि त्याच्या आसपासची गावे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष सोयीची आहेत. तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या या मंदिरनगरीच्या परिसरात देवळाशी बांधलेल्या नर्तकी, त्यांचे नट्टुवनार, भागवतमेळ्याचे ब्राह्मण नट, भजनमठांतील भक्त आणि मराठी राजकुळातील मंडळी असे नृत्याशी संबंधित अनेक वर्ग एकाच काळात नांदत होते. देव, पुराणकथा आणि राग बव्हंशी समान असूनही त्यांच्या नृत्यरचना परस्परांहून भिन्न झाल्या. या भिन्नतेचे कारण रचनाकारांच्या सामाजिक स्थानात शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने या शोधाला आणखी एक अंग आहे. भरतनाट्यम् घडविण्यात तंजावरच्या मराठी राजांचा वाटा मोठा, हे विधान मराठीत वारंवार केले जाते. ते चुकीचे नाही. परंतु आश्रयदाता आणि रचनाकार यांतील अंतर त्यात पुसले जाते, आणि त्या पुसण्यात सर्वाधिक हानी प्रत्यक्ष नाचणाऱ्या स्त्रियांच्या श्रेयाची होते.

२. दगडावरची नावे आणि पोथीतील मौन

कुंभकोणमच्या शार्ङ्गपाणी मंदिराच्या पूर्व गोपुरावर नाट्यशास्त्रातील करणांची शिल्पे कोरलेली आहेत. तंजावरचे बृहदीश्वर आणि चिदंबरमचे नटराज मंदिर यांच्या जोडीने करणशिल्पांच्या अभ्यासात त्यांचा उल्लेख येतो. शास्त्र दगडात उतरविण्याचा हा उपक्रम भव्य असला, तरी या आकृती प्रत्यक्ष नाचून दाखविणाऱ्या व्यक्तींविषयी शिल्पे मौन पाळतात.

या मौनाच्या पार्श्वभूमीवर पहिल्या राजराज चोळाच्या शिलालेखाचे महत्त्व लक्षात येते. अकराव्या शतकाच्या आरंभी तंजावरच्या मोठ्या देवळात सुमारे चारशे स्त्रिया सेवेसाठी आणविण्यात आल्या. त्या कोणत्या गावातील कोणत्या देवळातून आल्या आणि कोणत्या रांगेतील कोणते घर त्यांना मिळाले, याची नोंद त्यांच्या नावानिशी कोरलेली आहे. कुंभकोणमजवळील पळैयारै येथील देवळांतून आलेल्या स्त्रियाही त्यांत आहेत. नृत्याचे आचार्य आणि वादक यांनाही या व्यवस्थेत वाटा नेमून दिलेला दिसतो. म्हणजे चोळकालीन दप्तराने नर्तकीला नाव दिले, घर दिले आणि वृत्ती दिली. पुढील काळात राजाची आणि नट्टुवनाराची मुद्रा असलेल्या रचना पोथ्यांत जपल्या गेल्या. त्या सादर करणारी स्त्री मात्र बहुधा अनाम राहिली. रचना म्हणजे लिखित शब्द आणि स्वर अशी समजूत रूढ झाल्याचा हा परिणाम आहे.

३. राजा रचनाकार : शहाजी आणि सरफोजी

इ. स. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीने तंजावरची गादी मिळविली आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचा अंमल राहिला. व्यंकोजीचा पुत्र शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) हा स्वतः नाटककार होता. मातृभाषा मराठी असलेल्या या राजाने तिरुवारूरच्या त्यागराजाला उद्देशून रचलेला ‘पल्लकी सेवा प्रबंध’ तेलुगू भाषेत आहे. नायक राजांच्या काळापासून दरबारी गायन-नर्तनाची भाषा तेलुगू होती, तिच्यात तयार झालेल्या नर्तकी आणि गायक हाताशी होते आणि नव्या राजाला स्थानिक देवाचा सेवक म्हणून मान्यता हवी होती. रचनाकाराची ओळख रचनेत उतरते ती अशी वळणे घेत उतरते. मराठी राजा म्हणून मराठी रचना, असे सरळ समीकरण मांडता येत नाही.

दुसऱ्या सरफोजीच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) काळी परिस्थिती पालटली होती. १७९९ च्या तहानंतर राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजाची सत्ता तंजावरच्या किल्ल्यापुरती उरली. मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्या देखरेखीखाली शिकलेला, युरोपीय ग्रंथ जमविणारा, सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध करणारा हा राजा राज्यहीन विद्वान होता. त्याच्या नावावरील मराठी नृत्यसाहित्यात ही अवस्था स्पष्ट उमटली आहे. ‘देवेंद्र कोरवंजी’ या मराठी रचनेत जगाचा भूगोल पदांमधून सांगितला आहे. कुरवंजी या तमिळ नाट्यप्रकारात भविष्य सांगणारी डोंगरवासी कुरत्ती आपल्या मुलखाचे वर्णन करते, असा संकेत आहे. ज्याच्या ताब्यात मुलूख उरला नव्हता अशा राजाने या संकेताचा विस्तार करून कुरत्तीच्या मुखी सबंध पृथ्वीचे वर्णन घातले. त्याच सरफोजीला नायक कल्पून कवी शिवक्कोळुंदु देशिकर यांनी तमिळमध्ये ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ रचली. ती बृहदीश्वर मंदिराच्या उत्सवात नर्तकी सादर करीत असत. एकाच नाट्यप्रकाराचा कवीने राजस्तुतीसाठी आणि राजाने ज्ञानसंग्रहासाठी असा निराळा उपयोग केला.

सरफोजीच्या नावावरील ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ हा संग्रह नृत्याच्या इतिहासात अधिक महत्त्वाचा आहे. सरस्वती महालाने तो प्रकाशित केला. त्यातील ‘निरूपण’ या प्रकारात एकच कथा किंवा विषय घेऊन जयजय, शरणु, अलारू, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, अभिनयपद, तिल्लाना, जक्किणी, गीत, प्रबंध, श्लोकवर्ण, मंगळ इत्यादी अंगांची माळ गुंफलेली असते. ‘जिन्नस’ हा शब्दच बोलका आहे. कोठीतील वस्तूंची याद करावी त्याप्रमाणे दरबारात प्रचलित असलेल्या नृत्यप्रकारांची येथे याद केली आहे आणि एका कथासूत्राने ते सर्व बांधून टाकले आहेत. ‘निरूपण’ ही संज्ञा मराठी कीर्तनाची आठवण करून देते. पूर्वरंगातील विवेचनासाठी मराठी श्रोत्याच्या कानी बसलेला हा शब्द नृत्याला देण्यात, विषय सोडवून सांगण्याची मराठी रीत नृत्यात आणण्याचा हेतू असावा, असे अनुमान करता येते.

४. नट्टुवनार : फिरत्या मेळाची रचना

निरूपणातील शब्द मराठी असले, तरी त्यातील सोल्लु म्हणजे तालाचे बोल आणि पायांची कामे दरबारातील नट्टुवनारांची होती. हा वर्ग वंशपरंपरेने नर्तनवादनाचा व्यवसाय करीत असे. त्याला पूर्वी मेळक्कारर म्हणत. विसाव्या शतकात इसै वेळ्ळाळर हे नाव रूढ झाले. नागस्वर आणि तविल वाजविणाऱ्यांचा पेरिय मेळम्, म्हणजे मोठा मेळ, आणि नर्तकी व नट्टुवनार यांचा चिन्न मेळम्, म्हणजे लहान मेळ, असे त्यांचे दोन विभाग होते. लहान मेळात सामान्यतः स्त्री नाचत असे आणि तिचा भाऊ, मामा अथवा त्याच वर्गातील अन्य पुरुष झांजा घेऊन नृत्य चालवीत असे.

चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार भाऊ याच वर्गातले. ते मुत्तुस्वामी दीक्षितरांचे शिष्य आणि तंजावर दरबाराचे सेवक होते. अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् आणि तिल्लाना या क्रमाला स्थिर रूप देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. हा क्रम निरूपणातील अंगांशी ताडून पाहिला असता साम्य तत्काळ ध्यानात येते. फरक आहे तो गुंफणीत. निरूपणात प्रत्येक अंग एकाच कथेला बांधलेले आहे, तर चौघा भावांच्या क्रमात प्रत्येक अंग स्वतंत्र आहे.

हा फरक रचनाकारांच्या स्थानातून आलेला दिसतो. राजाचा श्रोतृवर्ग ठरलेला होता, त्याची भाषा एक होती आणि आश्रयदाता तो स्वतःच होता. नट्टुवनाराला देऊळ, दरबार आणि लग्नघर अशा निरनिराळ्या ठिकाणी मेळ घेऊन जावे लागे. वडिवेलु त्रावणकोरात स्वाती तिरुनाळ यांच्याकडे, तर चिन्नय्या म्हैसूर दरबारी गेला. ज्याला आश्रय बदलावा लागतो त्याची रचना सुटी करता येणारी असावी लागते. पदम् तेलुगूऐवजी तमिळ घ्यावे, वर्णातील देवाच्या जागी राजा यावा, वेळ थोडा असल्यास एखादे अंग वगळावे, हे सर्व या क्रमात शक्य होते. आज जो क्रम शास्त्रशुद्ध आणि अपरिवर्तनीय मानला जातो, त्याच्या मुळाशी उपजीविकेसाठी फिरणाऱ्या कलावंतांची व्यवहारबुद्धीही होती, असे म्हणण्यास आधार आहे.

वर्णाच्या बांधणीत या वर्गातील स्त्री-पुरुषांची श्रमविभागणीही दिसते. तीर्मानम् म्हणजे तालाच्या बोलांवर आधारलेले शुद्ध नृत्याचे तुकडे नट्टुवनार बांधतो आणि म्हणतो. साहित्याच्या एकाच ओळीवर भावाच्या निरनिराळ्या छटा उभ्या करणारे संचारी हा नर्तकीचा प्रांत. पहिला भाग पाठ करून घेता येतो, कागदावर उतरतो आणि शिष्याला देता येतो. दुसरा भाग त्या वेळी, त्या श्रोत्यांसमोर, तिच्या बुद्धीतून निर्माण होतो. रचनेचे श्रेय पहिल्या भागाच्या कर्त्याला मिळाले आणि दुसऱ्याला केवळ ‘सादरीकरण’ म्हटले गेले.

५. त्याच भूमीतील पुरुषांची नृत्ये

मेलत्तूर, शालियमंगलम् आदी गावांत भागवतमेळ्याची परंपरा आहे. मेलत्तूर वेंकटराम शास्त्री यांची तेलुगू नाटके नरसिंहजयंतीच्या सुमारास देवासमोर होतात आणि परंपरेने स्त्रियांची कामेही ब्राह्मण पुरुषच करतात. हे नट उपजीविकेसाठी नाचत नसत. वर्षातून एकदा करावयाचे ते व्रत होते. नरसिंहाचा मुखवटा धारण करणारा उपवास करतो. साहजिकच येथील रचना कथानकाच्या परिणतीकडे जाते. पात्राचा प्रवेश, संवाद आणि अखेरीस देवाचे प्रकट होणे यांना महत्त्व येते, आणि एका नर्तकीच्या कौशल्यावर तोलून धरलेले दीर्घ वर्णम् तेथे केंद्रस्थानी राहत नाही.

कुंभकोणमजवळील मरुदानल्लूर येथे सद्गुरुस्वामींनी (१७७७ ते १८१७) भजनसंप्रदायाची पद्धती लावून दिली. या संप्रदायात मराठी अभंगांनाही स्थान मिळाले. दिव्यनाम या प्रकारात समया मध्ये ठेवून भक्त तिच्याभोवती नाचत फिरतात. हे नाचणारे गृहस्थाश्रमी, शरीराचे शिक्षण नसलेले आणि बहुसंख्य असतात, म्हणून रचना वर्तुळाची. पावले सोपी, ओळी पुन्हापुन्हा येणाऱ्या आणि प्रेक्षक असा वेगळा नाहीच. सरफोजीच्या दरबारातील मराठी आणि मरुदानल्लूरच्या मठातील मराठी या एकाच प्रदेशातील आणि सुमारे एकाच काळातील आहेत. नाचणारा बदलताच नृत्यरचना मुळापासून बदलली, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

६. आश्रयाचा शेवट आणि नव्या ओळखी

दरबार १८५५ नंतर संपला आणि कलावंत पांगले. या पांगापांगीतील एक धागा कुंभकोणममधून बडोद्याकडे जातो. १८२८ साली कुंभकोणम येथे मराठी देशस्थ कुटुंबात जन्मलेले सर टी. माधवराव १८७५ पासून बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १८८० मध्ये, सयाजीराव गायकवाड यांचा विवाह तंजावरच्या राजकुळातील लक्ष्मीबाई (पुढे चिमणाबाई) यांच्याशी झाला आणि तंजावरच्या नर्तकींचा मेळ बडोद्यास आला. कांतिमती आणि गौरा या त्यांतील नर्तकी. बडोद्याच्या दरबारात तेलुगू आणि तमिळ पदांचा अर्थ समजणारे थोडे होते. तेथे शुद्ध नृत्याबरोबर पतंग उडविणे, गारुड्याचा खेळ अशा, शब्दावाचून उमगणाऱ्या अनुकरणात्मक रचनांना मागणी राहिली. कांतिमतीचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात नृत्य शिकविले. दरबारी कलावंतिणीच्या मुलाला विद्यापीठीय अध्यापकाचे पद मिळाले तेव्हा रचनेचे रूप पाठ्यक्रमाचे झाले. जे आईकडून पाहून उचलले होते ते आता वर्षांत आणि परीक्षांत विभागून द्यावे लागले.

मद्रासमध्ये १९३० च्या दशकात सदिर या नृत्याला भरतनाट्यम् हे नाव रूढ होऊ लागले. म्युझिक अकादमीच्या मंचावर त्या दशकात आलेल्या पारंपरिक नर्तकींत कुंभकोणमच्या वरलक्ष्मी आणि भानुमती यांची नावे आढळतात. याच सुमारास कुंभकोणमपासून फार दूर नसलेल्या पंदनल्लूरचे मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै (१८६९ ते १९५४) हे चौघा भावांच्या घराण्याशी नाते असलेले नट्टुवनार रुक्मिणीदेवी, राम गोपाल, शांता राव आणि मृणालिनी साराभाई या अगदी वेगळ्या पार्श्वभूमीच्या शिष्यांना शिकवीत होते. गुरू एक असूनही शिष्यांच्या रचना एकसारख्या झाल्या नाहीत. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या आणि थिऑसॉफीच्या वातावरणात वाढलेल्या रुक्मिणीदेवींनी १९३५ साली अड्यार येथे नृत्य सादर केले आणि १९३६ मध्ये कलाक्षेत्र स्थापिले. त्यांच्या रचनांत शृंगाराचा उघड भाग संयमित झाला, भक्तीला प्राधान्य आले आणि एकट्या नर्तकीच्या जागी समूहाची नृत्यनाट्ये महत्त्व पावली. कुलीन कुटुंबातील मुलींनी मंचावर येण्यासाठी हे बदल आवश्यक आहेत, अशी त्यांची भूमिका होती.

याउलट बालसरस्वती (१९१८ ते १९८४) यांच्या पूर्वज पापम्माळ या तंजावर दरबाराशी संबंधित होत्या आणि वीणा धनम्माळ ही त्यांची आजी. त्यांच्या दृष्टीने शृंगार हाच अभिनयाचा प्राण होता आणि त्यात शुद्धीकरण करण्यासारखे काही नव्हते. स्वतः गात केलेला अभिनय आणि एका ओळीचा दीर्घ विस्तार हे त्यांच्या नृत्याचे वैशिष्ट्य होते. १९७५ मध्ये तमिळ इसै संगमच्या परिषदेत त्यांनी पारंपरिक क्रमाची तुलना देवळाच्या रचनेशी केली. देवळातून ज्यांना बाहेर पडावे लागले त्या समाजातील स्त्रीने मंचावरील क्रमालाच देऊळ म्हणावे, यात तिच्या ओळखीचा केवढा भाग सामावला आहे, हे सांगावयास नको.

तथापि वंशपरंपरागत नर्तकींचे मत एकमुखी होते, असे मानणे चूक ठरेल. मूवलूर रामामृतम् अम्मैयार (१८८३ ते १९६२) याच समाजात वाढल्या आणि देवदासी पद्धती नष्ट व्हावी म्हणून झगडल्या. त्यांची १९३६ ची कादंबरी त्या लढ्याचा भाग होती. १९४७ च्या मद्रास कायद्याने मुली देवाला वाहण्यास बंदी घातली. अन्यायकारक पद्धती गेली, हे इष्टच झाले. मात्र त्या बदलात नट्टुवनार पुरुष नव्या वर्गाचे गुरू म्हणून टिकून राहिले, तर नर्तकींच्या बहुतेक घरांतील मुलींनी नृत्य सोडले. त्यामुळे नट्टुवनाराची अर्धी रचना पुढच्या पिढीस मिळाली. नर्तकीची अर्धी रचना मैलापूर गौरी अम्माळ यांच्यासारख्या मोजक्या गुरूंच्या द्वाराच पोहोचू शकली.

७. महाराष्ट्रातील पुनर्भेट

कुंभकोणमलगतच्या तिरुविडैमरुदूर या गावाचा मराठी इतिहासाशी निकटचा संबंध आहे. १७९८ मध्ये गादीवरून दूर झालेला अमरसिंह तेथे राहिला आणि घनम् कृष्ण अय्यर यांच्यासारखे गायक त्याच्या आश्रयास होते. याच गावचे नट्टुवनार कुप्पय्या पिळ्ळै यांच्या कुटुंबाने मुंबईत १९४५ साली श्री राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर उभे केले. देवळाच्या आवारातील परंपरा माटुंग्याच्या वर्गात आली आणि नाना भाषांच्या मुली ती शिकू लागल्या.

मराठी निरूपणांकडे मात्र लक्ष वळविले ते मालवणात जन्मलेले आचार्य पार्वतीकुमार (१९२१ ते २०१२) यांनी. नृत्यनाट्यांच्या क्षेत्रातून आलेल्या या गुरूला एका कथासूत्रात बांधलेली मराठी रचना आपलीशी वाटावी, हे स्वाभाविक होते. ‘तंजावर नृत्य प्रबंध’ या ग्रंथात त्यांनी या साहित्याचा परामर्श घेतला आणि त्यातील रचना नव्याने बसविल्या. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी चौघा भावांच्या वंशातील के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिक्षण घेतले आणि पुढे हिंदुस्थानी संगीताच्या आधारे ‘नृत्यगंगा’ ही रचनामालिका उभी केली. उत्तरेकडील संगीतावर वाढलेला कान आणि दक्षिणेकडे घडलेले शरीर यांचा तो मेळ होता. तंजावरच्या मराठी राजाने तेलुगू पत्करली आणि पुण्याच्या मराठी नर्तकीने हिंदुस्थानी राग पत्करले. दोघांनीही आपल्या श्रोत्याला ओळखून रचना केली.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. पोथीत साहित्य, राग-ताल आणि बोल मिळतात. सरफोजीच्या दरबारातील स्त्रियांनी त्या शब्दांवर कोणते संचारी केले, ते पोथीत नाही. विसाव्या शतकातील पुनर्रचना त्यामुळे नव्या रचनाकारांच्याच ठरतात आणि त्यांचे मोलही त्या दृष्टीने ठरवावयास हवे.

८. समारोप

कलावंताची ओळख नृत्यरचना घडविते, या विधानाचा अर्थ जन्माने रचना ठरते असा घेता येत नाही. एकाच समाजात जन्मलेल्या बालसरस्वती आणि रामामृतम् अम्मैयार विरुद्ध दिशांना गेल्या. मराठी राजाने तेलुगूत लिहिले. भाषा कोणाला कळते, पैसा कोण देतो, कोणासमोर नाचावयाचे आणि नाचल्याने प्रतिष्ठा मिळते की जाते, या गोष्टी रचनाकाराचे स्थान ठरवितात आणि ते स्थान अंगांच्या क्रमात, शृंगाराच्या मात्रेत आणि वादकांच्या जागेतही उमटते.

मराठी संशोधनापुरते पाहता, निरूपणांचा अभ्यास आजवर प्रामुख्याने तंजावरी मराठीचे वाङ्मय म्हणून आणि भोसल्यांच्या कर्तृत्वाचा पुरावा म्हणून झाला आहे. त्या पोथ्या तीन हातांच्या आहेत. शब्द राजाच्या नावाचे, बोल नट्टुवनाराचे आणि भाव नर्तकीचा. राजाचे नाव पोथीवर आहे आणि नट्टुवनाराचे घराण्याच्या स्मरणात आहे. तिसरे नाव मिळवावयाचे तर वाङ्मयीन हस्तलिखितांबरोबर तंजावरच्या मोडी दप्तरातील दरबारी खर्चाचे कागदही वाचावे लागतील. चोळांच्या लेखनिकाने चारशे स्त्रियांची नावे दगडावर कोरण्याइतकी महत्त्वाची मानली होती; मराठी दप्तराच्या वाचकानेही ती तशीच मानली पाहिजेत.